फोडू नये

आमच्या बोर्लीत कुणी सुट्टी संपवून गल्फला परत निघालं, की आदल्या दिवशी त्याच्या ओट्यावर पुडकी जमायची. ज्या घरातला माणूस तिकडे, त्या घरातून एक. कुणाचा सुका जवळा, कुणाची आमसुलं, कुणाच्या नारळाच्या वड्या, कुणाचं तांदळाचं पीठ. जाणाऱ्याच्या आईनं ती सगळी हसतमुखानं घ्यायची, चहा द्यायचा आणि "जाईल हां, सगळं जाईल" म्हणायचं. वजन करायचं नाही. दुसऱ्याचं पुडकं हातात घेऊन तोलून बघणंही वाईट दिसायचं. कोपऱ्यातला ढीग बघून लहान पोरालाही कळलं असतं की हे एका माणसाच्या बॅगेत मावणार नाही, पण ते बोलायची रीत नव्हती. मी तेव्हा विशीत होते आणि मला ही रीत अजिबात पटायची नाही. मला सगळं मोजून, लिहून, खूण करून लागायचं. आजही माझ्या फ्रिजवर आठवड्याची यादी लावलेली असते आणि माझी मुलं तिला सरकारी फळा म्हणतात.

अम्माचं पुडकं त्या ढिगात लांबून ओळखू यायचं. जुन्या पांढऱ्या चादरीचं कापड घेऊन ती चारही बाजू बारीक टाक्यांनी शिवायची आणि वर निळ्या दोऱ्यानं बाबांचं नाव भरायची. नावाखाली दोन शब्द असायचे: फोडू नये. त्याला कारण होतं. एकदा कुणीतरी जागा करायला तिचं पुडकं उघडलं, आतलं सामान तीन बॅगांत वाटलं आणि बाबांना जवळ्यात आमसुलं आणि आमसुलांत कुणाची तरी तपकीर मिळाली. बाबा एका कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. दिवसभर दुसऱ्यांसाठी डेगच्या शिजवायच्या आणि खोलीवर परतल्यावर आपल्या घरचा जवळा कांद्यावर परतून भातासोबत खायचा, एवढीच त्यांची चैन. तीही बिघडली याचा अम्माला इतका राग आला की तेव्हापासून हे दोन शब्द. आणि तेव्हापासून पुडकंही मोठं होत गेलं. जवळा, बोंबील, आंबोशी, वाडीतली रोठा सुपारी, वर आणखी वड्या. एकदाच जायचं तर सगळं जाऊ दे, असा तिचा हिशेब. फोनवर ती विचारायची, "पोचलं?" आणि बाबा म्हणायचे, "पोचलं गो. जवळा एकदम मस्त होता."

एका सुट्टीत बाबांनी घरात कॉम्प्युटर आणला आणि टेलिफोनवाल्यांकडून नेट घेतलं. तेव्हा मोबाईलवर नुसतं बोलायचं आणि मिस्ड कॉल द्यायचा. नेट यायचं ते टेलिफोनच्या तारेतून, मोडेम नावाच्या काळ्या डबीत, आणि ती डबी आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी भाताच्या कणगीवर ठेवलेली असायची. बाबांना अम्माला बघायचं होतं, म्हणून कॅमेराही आणला होता. दर जुम्म्याला दुपारी जेवणं आटोपली की अम्मा कानात सोन्याच्या बाळ्या घालून कॅमेऱ्यासमोर बसायची. बाबा शेजारच्या झुबेदा खालाच्या मुलाच्या, इम्तियाजच्या खोलीवर येऊन तिकडून बोलायचे. त्यांचा चेहरा आमच्याकडे थोडा अडखळत, पण यायचा. अम्मा एकेक वस्तू कॅमेऱ्यापुढे धरायची. सोललेली सुपारी, नव्या मांजरीची पिल्लं, स्वतःचा नवा दुपट्टा. "दिसतंय?" ती विचारायची. "दिसतंय गो, दिसतंय," बाबा म्हणायचे.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो जुम्मा नव्हता. सकाळी अम्मा अंगणात सुपारी सोलत होती, मी चहा गाळत होते आणि फोन वाजला. पलीकडे इम्तियाज. त्याचा आवाज मी ओळखला नाही.

"नसरीन, घाबरू नको," तो म्हणाला. पुढचं ऐकण्याआधीच मी घाबरले.

बाबांना पहाटे मेसमध्ये छातीत दुखायला लागलं होतं. त्यांना हॉस्पिटलात ठेवलं होतं. काही वर्षांपूर्वी मुंबईत त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला होता, हे इम्तियाजनं तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ते कागद हवेत. कुठल्या नळीत, कुठल्या जातीचा, नंतरच्या तपासणीत काय निघालं. ते कळलं तर हाताच्या नाडीतून तार घालून काम होईल कदाचित. नाही कळलं तर छाती उघडावी लागेल, आणि तुमच्या माणसाची तब्येत बघता त्याची आम्हाला भीती वाटते. मोठे डॉक्टर संध्याकाळपर्यंत आहेत, तोवर कागद मेलनं पाठवा.

कागद माझ्याकडे होते. घरातले सगळे कागद माझ्याकडेच असायचे, प्लास्टिकच्या फायलीत, वर चिठ्ठी लावून. पाचव्या मिनिटाला फाईल काखेत मारून मी बाजारातल्या फोटो स्टुडिओत होते. तिथून सगळी पानं स्कॅन करून पेनड्राइव्हवर घेतली आणि घरी येऊन मेल उघडली. चार ओळी लिहिल्या, फाईल जोडायला घेतली. निळी पट्टी थोडी पुढे सरकली आणि थांबली. चूक झाली असं कॉम्प्युटर म्हणेना, झालं असंही म्हणेना. मी वाट बघितली, बंद केलं, पुन्हा केलं. पट्टी त्याच जागी येऊन थांबली.

मग मी जे करते ते केलं. काय काय करता येईल ते मनात ओळीनं मांडलं आणि एकेक करत सुटले. एकच पान पाठवून बघितलं. अडकलं. तेच पान बारीक करून पाठवलं. अडकलं. बाजारातल्या सायबर कॅफेत गेले. तिथलीही लाइन आमच्याच एक्स्चेंजमधून आलेली, तिथेही पट्टी तशीच थांबली, आणि मालक म्हणाला, "ताई, आपल्या इथनं मोठं काय जात न्हाय, मी तर गिऱ्हाइकांना आधीच सांगतो." टेलिफोन बूथवरून फॅक्स केला. इम्तियाजचा फोन आला की पानं काळीकुट्ट उमटलीत, एक अक्षर लागत नाही. मी फोनवर रिपोर्ट वाचून दाखवते म्हटलं, तर नर्सनं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना सहीशिक्क्याचा कागदच लागेल म्हणाली. गाडी करून मुंबई गाठायची तर पोचेपर्यंत दुकानं बंद झाली असती. टेलिफोनवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर एका मुलानं मला विचारलं, "मोडेमचा दिवा हिरवा आहे का, मॅडम?"

"आहे."

"मग तुमचं नेट चालू आहे."

"चालू आहे हो, पण फाईल जात नाही."

"मोडेम बंद करून चालू करा."

मी बंद करून चालू केला. दिवा हिरवा झाला. फाईल गेली नाही.

हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरवर बसलेल्या इम्तियाजशी चॅटवर बोलणं मात्र सुरळीत चाललं होतं. मी लिहायचे, "आता बघ, पाठवलंय." तो लिहायचा, "येतंय, येतंय. होईल." त्या "येतंय"वर मी दुपारपर्यंत तग धरला.

घरात आले तर चुलीवर तवा होता आणि सगळ्या घरभर जवळा भाजल्याचा वास. अम्मानं सुपारी अर्धी टाकून पांढरं कापड काढलं होतं आणि ती चुलीपाशी बसून शिवत होती.

"अम्मा, कोण जातंय गल्फला?"

"कोनतरी जाईलच," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. सुईत दोरा जाईना, तो मी ओवून दिला आणि बाहेर पडले. मला तिथे थांबता आलं नसतं. आज इतक्या वर्षांनी लिहिताना बाकीच्या धावपळीपेक्षा तो वासच आधी येतो. माझ्या घरात जवळा मी खिडक्या उघडून भाजते.

मी झुबेदा खालाकडे गेले. तिनं इम्तियाजला फोन लावून सांगावं की डॉक्टरांना हातापाया पडून उद्यापर्यंत थांबव, एवढंच माझ्या डोक्यात उरलं होतं. खाला स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. मला बघून तिनं पाट सरकवला, म्हणाली बस, पाणी पी, तोंड बघ तुझं. मी भिंतीला टेकले आणि समोर खुंटीवर माझी नजर गेली. खुंटीला लसणाची पिशवी लटकत होती. पांढऱ्या चादरीची. निळ्या दोऱ्यानं बाबांचं नाव. खाली, फोडू नये. एका बाजूचे टाके नीट, एकेक करून उसवलेले.

"खाला, ही पिशवी?"

खालाचा हात पिठावर थांबला. "तुझ्या आईची हाय."

"ते दिसतंय. इथे कशी?"

"मोठं होतं गो. ईदनंतर निघताना इम्तियाजची बॅग बंद होईना. बाकीच्यांची पुडकी फोडली, हिकडं तिकडं कोंबली. तुझ्या आईचं फोडू नये लिवलेलं. मग काय करतो तो? ऱ्हायलं."

"मग परत का नाही दिलं?"

खालानं माझ्याकडे असं बघितलं, जणू शिकून मी वाया गेले. "परत? तुझ्या आईच्या तोंडावर? घे बाय तुझं, न्हाय नेलं? या गावात कोनी कोनाला पुडका परत केलाय काय?"

"बाबा तर म्हणाले पोचलं. जवळा मस्त होता म्हणाले."

"मग काय बोलंल? न्हाय पोचला बोलला तर माझ्या पोराचा नाव खराब, तुझ्या आईचा मन खराब. शाना मानूस हाय तो." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "माझी पन दोन मोठी पुडकी तुझ्या मामूच्या घरी पडलीत. मला काय म्हाईत न्हाय? त्याची बायको माझ्याच बरनीत लोनचा घालते."

दुसऱ्या एखाद्या दिवशी मी हसले असते. त्या दिवशी मी विचारलं, "केवढं असतं तर गेलं असतं?"

तिनं पिठाचे हात भाकरीएवढे लांब धरले. "एवढा. एवढा असला की कुठंबी बसतो."

मी उठले. खालाला फोनचं सांगायचं विसरले आणि घराकडे जवळजवळ पळत सुटले. लहान जातं. मोठं, आणि तेही फोडू नये म्हटलेलं, वाटेत राहतं. आणि ज्याच्याकडे राहतं तो सांगत नाही, ज्याला मिळत नाही तोही सांगत नाही. चॅटची ओळ जाते, फाईल जात नाही, आणि सकाळपासून कुणीही मला नाही म्हटलेलं नाही. कॉम्प्युटरनं नाही, त्या मदतीच्या नंबरावरच्या मुलानं नाही आणि इम्तियाजनंही नाही.

घरात शिरताच कॉम्प्युटरपाशी बसून मी चॅटवर लिहिलं, "इम्तियाज, आज आपल्या गावची रीत सोड. खरं सांग. सकाळपासून माझी एक तरी फाईल आली का? हो किंवा नाही, एवढंच लिही."

 मग आलं, "नाही. काहीच नाही. तू रडशील म्हणून बोललो नाही."

मी रडले नाही. रडायला बसले असते तर उठले नसते. मी कपाटातून माझं कॉम्प्युटर कोर्सचं पुस्तक काढलं. श्रीवर्धनच्या क्लासमध्ये आमच्या सरांनी पिंग शिकवलं होतं. ते म्हणायचे, पिंग म्हणजे हाक. तुम्ही लांबच्या मशीनला हाक मारायची, ओ आली तर वाट मोकळी. पुस्तकात पुढे आणखी होतं, जे परीक्षेला नसल्यामुळे आम्ही सोडून दिलं होतं. फाईल अखंड जात नाही, तिची पाकिटं होतात. मोडेमला एक माप ठरवून दिलेलं असतं, त्याहून मोठं पाकीट तो करत नाही. आणि हाक मारताना ती किती मोठी हे आपल्याला ठरवता येतं, वर तिचे तुकडे करू नयेत अशी खूणही लावता येते. म्हणजे निळ्या दोऱ्याचे दोन शब्द, जे फाईलच्या पाकिटांवर आधीपासूनच असतात.

मी लहान हाक मारली. ओ आली. खूण लावून दीड हजाराच्या मापाच्या जवळ जाणारी हाक मारली. काही नाही. नकारसुद्धा नाही, नुसती वेळ संपल्याची ओळ. आमच्या मोडेमवर माप होतं तेच, पंधराशे. मोडेमसोबत आलेल्या पुस्तिकेत अशा लाइनला चौदाशे ब्याण्णव ठेवा असं छापलं होतं. ठेवलं. मोडेम बंद, चालू, दिव्याची वाट, फाईल. पट्टी थोडी सरकली आणि त्याच जागी थांबली. "नाही," इम्तियाजनं लिहिलं. आता तो लगेच सांगत होता. पाठोपाठ त्यानं लिहिलं, "डॉक्टर विचारून गेले. सही कोण करणार ते विचारतायत." छाती उघडायच्या परवानगीची सही.

 मी पुस्तिका बाजूला ठेवली. छापणाऱ्याला आमच्या एक्स्चेंजपुढची वाट काय माहीत. आपल्या वाटेचं माप आपणच घ्यायचं. हजाराची हाक. ओ आली. चौदाशेची. आली. साडेचौदाशेची. नाही. चौदाशे पंचवीसची नाही, चौदाशे चोवीसची आली. पुन्हा मारली, पुन्हा आली. वर पत्त्याचे अठ्ठावीस धरायचे असतात, पुडक्याचं कापड आणि दोरा जसा वजनात धरावा लागतो तसे. चौदाशे बावन्न. पुस्तिकेतल्या मापाहून अगदी थोडं कमी. भाकरीच्या कडेएवढं. मोडेममध्ये आकडा घातला, बंद केला, चालू केला. अम्मा मागे येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात अर्धं शिवलेलं कापड होतं आणि सुई त्यातच लटकत होती.

पट्टी सरकली. जिथे दिवसभर थांबत होती तिथे आली, आणि न थांबता पुढे गेली.  पट्टी भरली, मेल गेली. मी पुढची जोडली, तिच्या पुढची. मग चॅटवर फक्त प्रश्नचिन्ह टाकलं.

"हो," इम्तियाजनं लिहिलं. "सगळी पानं. शिक्का पण वाचता येतोय. पळतो."

त्यानंतरचा वेळ त्या सगळ्यापेक्षा वाईट होता, कारण करायला काही उरलं नव्हतं. अम्मा नमाजला बसली आणि उठलीच नाही. मी मोडेमच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. वाटत होतं, कागद पोचले पण उशीर झाला असेल आणि आता इम्तियाज पुन्हा रीत पाळत असेल. दिवस मावळून मगरिबची अजान झाली तेव्हा फोन वाजला. मी उचलला आणि सलामही न करता म्हणाले, "खरं सांग."

"खरंच सांगतोय," तो म्हणाला. "छाती उघडली नाय. तारेनंच केलं. जुना स्टेंटच बंद झालेला, कागदावर जागा होती म्हणून सरळ तिथे गेले. शुद्धीत हायत. पानी मागितलं."

अम्माला मी तसंच सांगितलं. तिनं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले, उठली आणि केव्हाचा करपून गेलेला तवा चुलीवरून उतरवला.

खुंटीवरच्या पिशवीचं मी तिला बोलले नाही. खालाचं घर आमच्या कुंपणाला लागून होतं आणि दोघींना आयुष्य तिथेच काढायचं होतं. माझ्याही नकळत मी रीत पाळली.

बाबांना हॉस्पिटलातून सोडल्यावर इम्तियाजनं त्यांना आपल्या खोलीवर नेलं. आलेल्या पहिल्या जुम्म्याला अम्मा बाळ्या घालून कॅमेऱ्यासमोर बसली. मोडेमवर माप मी तेच ठेवलं होतं, चौदाशे बावन्न. पडद्यावर बाबा आले. गाल आत गेलेले, दाढी पांढरी, मागे इम्तियाज उशी सरळ करत होता. बाबा पडद्याच्या इतके जवळ आले की त्यांचं नुसतं कपाळ आणि डोळे राहिले.

"अगो," ते म्हणाले, "केवढी सुकलीस तू. आज दिसतेस."

अम्मा हसली, आणि मग थांबली. "आज म्हंजे?"

बाबांनी मागे सरून उशीला पाठ टेकली.

"त्या निळ्या दुपट्ट्याला तुमी चांगला दिसतो बोललाव."

"तू बोललीस निळा घातलाय. मी बोललो चांगला दिसतो."

"मांजरीची पिल्ला?"

"आवाज येत व्हता."

 कुंपणापलीकडे खालाची भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग अम्मानं विचारलं, "आनि ईदचा पुडका?"

बाबांनी बाजूला बघितलं. इम्तियाज उशी तशीच सोडून पडद्याबाहेर गेला.

"न्हाय मिळाला," बाबा म्हणाले.

मला वाटलं ती उठून जाईल. ती उठली नाही. तिनं दोन्ही हात वर केले, कॅमेऱ्यापुढे धरले आणि त्यांच्यामध्ये एका उशीएवढं अंतर ठेवलं. "एवढा व्हता," ती म्हणाली. मग हात थोडे जवळ आणले. "आता एवढा शिवू?"

बाबांनी डोळे बारीक करून नीट बघितलं.

"अजून थोडा ल्हान," ते म्हणाले.